शर्यत भरवणाऱ्याचं पोट शर्यतीवर भरत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बरीच वर्षं रॅली आणि सिंगल-सीटर गाड्या चालवल्या, आता वय आणि खिसा दोघंही पुरे म्हणतायत. ओळखी आहेत, थोडंफार नाव आहे. मग एखादी मोठी शर्यत आपणच का भरवू नये? ड्रायव्हर चांगला प्रमोटर होतो का, तिकिटांतून किती सुटतं आणि सुरुवात कुठून करायची, हे तुम्हाला हवंय. मी आधी गाडी चालवली आणि नंतर कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला, क्लार्क ऑफ द कोर्स (शर्यत प्रत्यक्ष चालवणारा मुख्य अधिकारी) म्हणून आणि आयोजक म्हणून, काम केलं. तेवढ्या अधिकाराने लिहितो.

तिकिटांचं आधी सांगतो, कारण सगळे तिथेच फसतात. टीव्हीवर भरलेली स्टँड्स दिसतात आणि डोक्यात गुणाकार सुरू होतो: इतकी माणसं गुणिले इतके रुपये. या गुणाकाराचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशात उभं आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011, 2012 आणि 2013 अशी लागोपाठ तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला आणि नंतर ती आली नाही. या शर्यतीचा करार साधारण असा असतो: यजमानपदाची फी आयोजकाने हक्कधारक कंपनीला भरायची, तीही बहुतेकदा दरवर्षी वाढत जाणारी. टीव्हीचे पैसे हक्कधारकाचे, ट्रॅकभोवतीच्या जाहिराती बहुतांशी त्यांच्याच, श्रीमंत पाहुण्यांच्या पॅडॉक क्लबचा गल्लाही त्यांचा. ट्रॅक मात्र आयोजकाने बांधायचा, सांभाळायचा, आणि त्याच्या वाट्याला मुख्यतः येतं ते तिकीट. त्यात उत्तर प्रदेश सरकारने या शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानलं, त्यामुळे करमणूक कराचं भांडण. बाहेरून येणाऱ्या गाड्या आणि सामानाच्या कस्टमचा घोळ वेगळाच. हक्कधारक कंपनीला भारतात आयकर लागतो की नाही, हा वाद तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 2017 साली कोर्टाने लागतो असा निकाल दिला. जगातला नामांकित वास्तुविशारद बोलावून बांधलेला, पाच किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा ट्रॅक, आणि मोठ्या पाहुण्याची वाट पाहण्यात त्याची किती वर्षं गेली. 2023 च्या सप्टेंबरमध्ये मोटोजीपी ही मोटरसायकलींची जागतिक शर्यत आली, पण पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर टिकली नाही.

आता याच्या बरोबर उलटा हिशेब मांडणारा माणूस बघा, आणि तो तुमच्यासारखाच ड्रायव्हर होता. जोनाथन पामर. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधून शिकून बाहेर पडलेला डॉक्टर. डॉक्टरकी बाजूला ठेवून तो रेसिंगमध्ये आला, 1981 साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्री जिंकला, 1983 साली युरोपियन फॉर्म्युला टू जिंकला (दोन्ही फॉर्म्युला वनच्या खालच्या मालिका) आणि त्याच वर्षी ब्रँड्स हॅच इथे विल्यम्स टीमच्या गाडीतून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. पुढे 1989 पर्यंत रॅम, झॅकस्पीड, टिरेल या टीम. एकदाही पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत नंबर, नाही. 1987 साली टर्बो नसलेल्या गाड्यांच्या ड्रायव्हरांसाठी ठेवलेली जिम क्लार्क ट्रॉफी मिळाली, म्हणजे गरिबांतला श्रीमंत. समालोचक जेम्स हंट वारल्यावर 1993 पासून काही वर्षं नामांकित समालोचक मरी वॉकरच्या शेजारी बसून त्याने बीबीसीसाठी समालोचनही केलं.

एवढ्या भांडवलावर माणूस सहसा शोरूम काढतो किंवा आत्मचरित्र लिहितो. पामरने नव्वदच्या दशकात पामरस्पोर्ट नावाचा धंदा काढला: कंपन्यांनी आपल्या बड्या ग्राहकांना आणायचं, दिवसभर वेगवेगळ्या गाड्या चालवायला द्यायच्या, जेवण घालायचं, संध्याकाळी बक्षीस द्यायचं. प्रेक्षक शून्य. त्यासाठी बेडफर्डजवळच्या थर्ली इथल्या जुन्या विमानतळावर खास ट्रॅक केले. आपल्याकडे चेन्नईजवळच्या शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तसाच प्रकार, फक्त तिथे प्रेक्षक होते आणि नफा नव्हता.

मग 1998 साली त्याने फॉर्म्युला पामर ऑडी ही मालिका काढली. तिची रचना नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. नेहमीच्या मालिकेत दहा-बारा टीम असतात, प्रत्येकीचे मेकॅनिक, प्रत्येकीचे ट्रक, आणि मुलाचे वडील त्यातल्या एका टीमला पैसे देतात. इथे टीमच नाही. सगळ्या गाड्या सारख्या, सगळ्या आयोजकाच्या मालकीच्या, एकाच छपराखाली देखभाल. ड्रायव्हरने ठरलेली रक्कम भरायची, हेल्मेट घेऊन यायचं. वडिलांना वर्षाचा खर्च आधी कळतो, हरल्यावर गाडीला दोष देता येत नाही, आणि टीमच्या खिशात जाणारा पैसा थेट आयोजकाकडे येतो. पहिल्याच वर्षीचा विजेता जस्टिन विल्सन पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचला. त्याला 2003 साली मिनार्डी या फॉर्म्युला वन टीमची सीट मिळावी म्हणून पामरने लोकांकडून शेअर घेऊन पैसे उभे केले. इतकी व्यापारी बुद्धी किती ड्रायव्हरांकडे असते?

पण खरा सौदा 2004 चा. 1999 साली ऑक्टॅगन नावाच्या कंपनीने, तिच्यामागे अमेरिकन जाहिरात क्षेत्रातलं एक अवाढव्य साम्राज्य होतं, ब्रँड्स हॅच, ओल्टन पार्क, स्नेटरटन आणि कॅडवेल पार्क ही इंग्लंडमधली चार सर्किटं सुमारे 12 कोटी पौंडांना घेतली. स्वप्न एकच: ब्रिटिश ग्रां प्री, म्हणजे ब्रिटनमधली फॉर्म्युला वन शर्यत, ब्रँड्स हॅचला आणायची. ती आली नाही. मग ती जिथे व्हायची त्या सिल्व्हरस्टोनचा भाडेकरार गळ्यात घेतला, त्यातून बाहेर पडायलाही भरपूर मोजावं लागलं. शेवटी ती चारही सर्किटं पामरच्या मोटरस्पोर्ट व्हिजन या कंपनीने दीड कोटी पौंडांच्या आसपास किमतीत उचलली. स्वतःच्या पैशांवर नव्हे. संगणक धंद्यात गडगंज झालेले पीटर ऑग्डन भागीदार होते, ही बारीक गोष्ट ड्रायव्हर लोक कथा सांगताना हमखास गाळतात.

पामरने ग्रां प्रीचा नाद केला नाही. त्याने कॅलेंडर भरलं. शनिवार-रविवारी क्लब रेसिंग, जिथे साठीतले दंतवैद्य आणि गॅरेजवाले स्वतः पैसे भरून शर्यतीत उतरतात. मधल्या वारी ट्रॅक डे, म्हणजे तुमची गाडी आणा, पैसे भरा, चालवा. बाकीच्या वारी वाढदिवसाची भेट म्हणून मिळालेली कूपनं घेऊन आलेले लोक. मोठी गर्दी खेचायला ब्रिटिश सुपरबाइक ही मोटरसायकल शर्यतींची मालिका, तिचे हक्कही पुढे त्याच्याच गटाकडे आले. 2017 साली डॉनिंग्टन पार्कचा दीर्घ भाडेकरार आला. आणि ब्रँड्स हॅचचा लांब ट्रॅक, ज्याच्यावर पूर्वी ग्रां प्री व्हायची, तो आवाजाच्या मर्यादेमुळे वर्षातले मोजकेच दिवस वापरता येतो. रोजचा धंदा चालतो तो दोन किलोमीटरसुद्धा न भरणाऱ्या छोट्या वळशावर. छोटा ट्रॅक, जास्त दिवस.

तुम्ही तुमच्या प्रश्नात शर्यतीचा दिवस विकायला निघाला आहात. विकायचे असतात ते बाकीचे दिवस. आणि गिऱ्हाईक स्टँडमध्ये बसलेलं नसतं, ते स्टिअरिंगमागे बसायला तडफडत असतं. बसून बघणारा दोनशे रुपये काढताना दहा वेळा विचार करतो. चालवणारा दागिने गहाण टाकतो. तुम्ही आम्ही टाकलेत की.

हे काही इंग्रजांचं नवं शहाणपण नाही. अमेरिकेतलं इंडियानापोलिस घ्या. 1927 साली ते सर्किट एडी रिकनबॅकरने विकत घेतलं. तो आधी तिथल्याच इंडी 500 या पाचशे मैलांच्या शर्यतीत धावलेला ड्रायव्हर, मग पहिल्या महायुद्धातला अमेरिकेचा सर्वांत नावाजलेला लढाऊ वैमानिक. वर्षात एकच शर्यत होणाऱ्या त्या प्रचंड जागेवर त्याने काय केलं असेल? दोनेक वर्षांत गोल्फ कोर्स काढला. मंदी येत होती तेव्हा महागड्या खास रेसिंग इंजिनांऐवजी रस्त्यावरच्या गाड्यांवर बेतलेली इंजिनं चालतील असे नियम केले, म्हणजे खर्च उतरला आणि ग्रिड, म्हणजे सुरुवातीची गाड्यांची रांग, भरलं. जुन्या जाणकारांनी नाकं मुरडली, पण गाड्या आल्या.

दुसऱ्या महायुद्धात ट्रॅक बंद पडला, गवत माजलं. तीनदा इंडी 500 जिंकलेला विल्बर शॉ 1944 मध्ये टायरच्या चाचणीसाठी तिथे गेला आणि ती दशा बघून हादरला. त्याच्याकडे पैसे नव्हते. तो पैसेवाला शोधत फिरला आणि अखेर टेर होट गावचा व्यापारी टोनी हलमन त्याला मिळाला. नोव्हेंबर 1945 मध्ये साडेसात लाख डॉलरना सौदा झाला, मालक हलमन आणि कारभारी शॉ. 1946 च्या मे महिन्यात शर्यत परत सुरू. मला ही जोडी पामरच्या गोष्टीपेक्षाही बोलकी वाटते. ड्रायव्हरला गवताखालचा ट्रॅक दिसतो, व्यापाऱ्याला ताळेबंद दिसतो. एकाच माणसात दोन्ही नजरा क्वचित असतात. अपवाद रॉजर पेन्स्की. तोही आधी ड्रायव्हर, साठच्या दशकाच्या मध्याला भर उमेदीत हेल्मेट ठेवून गाड्यांच्या विक्रीकडे वळला, मिशिगनचं सर्किट घेतलं, कॅलिफोर्नियात नवं बांधलं, विकलं आणि जानेवारी 2020 मध्ये इंडियानापोलिस ताब्यात घेतलं. दोन महिन्यांत कोविड आला. मे महिन्यातली शर्यत ऑगस्टमध्ये झाली आणि अडीच लाखांच्या आसपास खुर्च्या रिकाम्या. मागे वाहतूक, ट्रकभाडं, गाड्यांची विक्री असा डोलारा होता म्हणून निभावलं. तिकिटांवर पोट असतं तर?

आपल्याकडे वळू. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुती 800 चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती गाड्या घडवल्या. ते स्वतः रेसर आणि हाताने काम करणारे अभियंते. स्वस्त आणि सगळ्यांना सारखी गाडी, हे पामरच्या ऑडीच्या आधीचं आहे. 1995 साली विमान अपघातात ते गेले, पण देशातली एक अख्खी पिढी त्या गाड्यांवर शिकली आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकला त्यांचं नाव आहे. मुंबईचे नझीर हुसेन स्वतः रॅली चालवलेले. त्यांनी ऐंशीच्या दशकात हिमालयन रॅली उभी केली आणि परदेशी ड्रायव्हर आपल्या घाटांत आणले. आत्ताचं म्हणाल तर पुण्याच्याच माजी सुपरक्रॉस (मातीच्या उंचवट्यांवरून मोटरसायकल उडवायची शर्यत) रायडरांनी, वीर पटेल आणि ईशान लोखंडे यांनी, इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग काढली आणि जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीच्या स्टेडियममध्ये मातीचा ट्रॅक ओतून पहिली फेरी घेतली. त्यातलं मर्म बघा: ट्रॅक लोकांपर्यंत नेला. शहरात स्टेडियम आहे, खुर्च्या आहेत, दिवे आहेत, स्वच्छतागृहं आहेत. तुम्ही फक्त माती आणा. शिवाय फ्रँचायझी विकल्या, म्हणजे गेट उघडण्याआधी पैसा आला. डकार रॅली गाजवलेल्या सी. एस. संतोषने त्यात टीम घेतली, आणि कोलारला त्याचं स्वतःचं मातीच्या ट्रॅकचं प्रशिक्षण केंद्र आहे. पुन्हा तेच, मधले दिवस.

शहरी रस्त्यांवरच्या शर्यतींचा मोह तुम्हालाही असेल. हैदराबादला फेब्रुवारी 2023 मध्ये हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ई ही विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली, छान झाली. पुढच्या वर्षीची शर्यत महिन्याभरावर आली असताना जानेवारीत रद्द झाली. मध्ये निवडणूक होऊन राज्यात सरकार बदललं होतं. चेन्नईची रात्रीची शर्यत डिसेंबर 2023 मध्ये चक्रीवादळाने पुढे गेली आणि ऑगस्ट 2024 अखेरीस झाली, तेव्हाही ट्रॅकचा परवाना हातात पडेपर्यंत पहिल्या दिवसाचं वेळापत्रक कोलमडलं होतं. रस्त्यावरच्या शर्यतीत तुमचा खरा भागीदार सरकार असतं, आणि तो भागीदार पाच वर्षांनी बदलू शकतो. तुमच्या ऐपतीत हे बसत नाही.

महाराष्ट्राची एक गंमत लक्षात ठेवा. शर्यतीला गर्दी होत नाही असं इथे कुणी म्हणू शकणार नाही. बैलगाड्याच्या घाटावर एखाद्या यात्रेला जेवढी माणसं उभी असतात तेवढी कार रेसिंगला वर्षभरात मिळून येत नाहीत. पण घाटावर तिकीट नसतं. खर्च गावाची वर्गणी, देणगीदार आणि पुढारी उचलतात. म्हणजे बघ्याने पैसे द्यायचे ही सवयच नाही. गेट मनीचा आकडा धरायचा झाला तर शून्य धरा. आला तर जेवणाची सोय.

ड्रायव्हर असण्याचा फायदा मग कुठे? तीन-चार ठिकाणी, आणि ते फार मोलाचे आहेत. एन्ट्री भरणाऱ्याच्या खिशाला कुठे कळ लागते ते तुम्हाला माहीत असतं: टायरचा नियम एका ओळीने बदलला की वर्षाचा खर्च किती वाढतो, हे स्पॉन्सरच्या मार्केटिंगवाल्याला कळणार नाही. तुम्ही टायर मोजून ठेवले, दुरुस्तीला वेळ मिळेल असं वेळापत्रक आखलं, तर पुढच्या वर्षी तीच माणसं परत येतात. ड्रायव्हर्स ब्रीफिंगमध्ये तुमचं ऐकलं जातं. आणि कुठल्या वळणावर गाडी कुठे फेकली जाईल हे तुम्ही नकाशा न बघता सांगता.

तोटाही तिथेच. ड्रायव्हरचं लक्ष ट्रॅकवर खिळतं. पार्किंग, पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह, निकाल वेळेवर लागणं, टोइंगची गाडी, या गोष्टी त्याला दुय्यम वाटतात. स्पर्धक टीमसाठी त्याच पहिल्या असतात. दुसरं, आपण आयुष्यभर जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली, म्हणून इतरांची जोखीमही हलकी वाटू लागते. पामरच्याच कंपनीने 2009 साली एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या फॉर्म्युला टू मालिकेचं काम घेतलं. त्या वर्षी 19 जुलैला ब्रँड्स हॅच इथे दुसऱ्या एका गाडीचं निसटलेलं चाक हेन्री सर्टीसच्या डोक्यावर आदळलं आणि तो 18 वर्षांचा मुलगा गेला. 1964 चा जगज्जेता जॉन सर्टीसचा मुलगा. मालिकाही पामरची, सर्किटही पामरचं. स्पर्धा तुमच्या नावाने असते तेव्हा त्या संध्याकाळी कुटुंबासमोर तुम्हालाच उभं राहायचं असतं. म्हणून विमा, डॉक्टर, गाडीतून माणूस काढण्याचा सराव केलेली टोळी आणि हॉस्पिटलशी आधी केलेलं लेखी बोलणं यात पैसे वाचवायचे नाहीत. रुग्णवाहिका जखमीला घेऊन बाहेर गेली आणि दुसरी जागेवर नसेल तर शर्यत थांबली पाहिजे, स्पॉन्सर पहिल्या रांगेत बसलेला असला तरी. आणि हा निर्णय तुमच्या हातात ठेवूच नका. क्लार्क ऑफ द कोर्स वेगळा नेमा, तुमच्या तोंडावर नाही म्हणेल असा.

कागदपत्रांचं थोडक्यात: फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचा परवाना, त्यांना मान्य झालेली त्या स्पर्धेपुरती पुरवणी नियमावली, नियम पाळले जातात ना हे बघणारे त्यांचे स्ट्युअर्ड. रस्त्यावर काही करणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 189 वाचा. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणं हा गुन्हा आहे, आणि स्थानिक पोलिसांचं तोंडी "करा साहेब" याला काही किंमत नाही. रॅलीत स्पेशल स्टेज, म्हणजे वेळ मोजला जाणारा वेगाचा टप्पा, बंद रस्त्यावर असते. दोन स्टेजमधल्या रस्त्यावर साधे वाहतुकीचे नियम लागू. तुम्हाला हे माहीत आहे, तुमच्या भावी भागीदाराला बहुधा नाही.

स्पॉन्सरबद्दल एवढंच की आपल्याकडे रेसिंगचा जुना आधार टायर कंपन्या आहेत. एमआरएफ आणि जेके टायर यांनी दशकानुदशकं मालिका चालवल्या, म्हणजे खरे प्रमोटर तेच. त्यांच्या कॅलेंडरच्या तारखा पाहून मगच तुमच्या ठरवा. त्यांच्याशी टक्कर घेणारी तारीख जाहीर केलीत तर ड्रायव्हर तिकडे जातील, तुमचे मित्रसुद्धा.

सुरुवात. पहिल्या वर्षी शर्यत भरवू नका. एखादा ट्रॅक किंवा खाजगी धावपट्टी एका दिवसासाठी भाड्याने घ्या, आणि पुण्यात-मुंबईत वेगवान गाड्या घेऊन रात्री एक्सप्रेस-वेवर जीव टांगणारी जी मंडळी आहेत त्यांना पैसे घेऊन तिथे चालवायला आणा. स्टॉपवॉच नाही, बक्षीस नाही, ओव्हरटेकिंगचे कडक नियम, पंधरा-वीस मिनिटांचे गट. तुम्ही शेजारच्या सीटवर बसून शिकवा. तुमचं नाव विकलं जाईल ते इथे. असा दिवस तोट्यात न जाता दोन-तीनदा पार पडला की तीच माणसं विचारतील, आमच्यात स्पर्धा कधी लावताय. तेव्हा सारख्या गाड्यांचा एक छोटा वर्ग काढा, गाड्या स्वतःकडे ठेवा, सीट विका. ग्रिड भरल्याशिवाय स्पॉन्सरकडे जाऊ नका, कारण तो पहिला प्रश्न हाच विचारतो की गाड्या किती. आणि या सगळ्याआधी, येत्या हंगामात, दोन-तीन शर्यतींना ट्रॅककडेला झेंडे दाखवणारा मार्शल म्हणून उभे राहा. पाळी संपेपर्यंत जागा सोडता येत नाही, डबा तिथेच खावा लागतो. तिथून आयोजकाच्या ज्या चुका दिसतात त्या कॉकपिटमधून कधीच दिसल्या नसतील. त्यांची वही करा, आणि ती घेऊन भेटा. आकडे तेव्हा मांडू.